निरोपाची खुर्ची

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या मामांचा निरोपसमारंभ असा दणक्यात झाला, की साहेबलोकांनी हेवा करावा. सगळ्यांच्या वर्गणीतून आरामखुर्ची आली. घड्या घालणारी अक्का बोलायला उभी राहिली आणि दुसऱ्या वाक्यालाच रडली. मग मामांना चेव चढला. जन्मात कधी भाषण केलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी इस्त्रीच्या यंत्राला लाथ मारून दाखवली आणि सुपरवायझरला सर्वांदेखत म्हणाले, "साहेब, आता तुमचं तोंड स्वप्नातसुद्धा दिसायला नको!" हशा पिकला. सुपरवायझरही हसला बिचारा.

चार महिन्यांनी त्याच तोंडापुढे मामा हात चोळत उभे. पेन्शन 'लवकरच' सुरू होणार होती. ते लवकरच काही उजाडत नव्हतं. त्यात जावयाचं काम सुटलं आणि लेक पोरांना घेऊन माहेरी आली.

"रोजंदारीवर या," साहेब म्हणाला. टोमणा मारला नाही. मारला असता तर परवडलं असतं, असं मामांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते मागच्या दारानं शिरले. आपलं स्टूल त्यांनी जाताना मोठ्या मनानं देऊन टाकलं होतं, तेव्हा उभ्यानंच यंत्राला भिडले. कोणी "या मामा" म्हटलं, कोणी म्हटलं नाही. दोन्ही सारखंच बोचलं. पदरमोड करून ज्यांनी खुर्ची दिली त्यांना आपण चक्क फसवलं, या विचारानं त्यांची मान वर होईना.

जेवणाच्या सुट्टीत अक्का डबा घेऊन शेजारी येऊन बसली. तिनं तोंड उघडण्याआधीच मामा घाईघाईनं म्हणाले, "अक्का, खुर्ची परत आणून देतो हं. नवीच आहे. बसलोय कुठे फारसा!"

"काहीतरीच काय, मामा!" अक्का म्हणाली. मग इकडेतिकडे बघत तिनं आवाज खाली आणला. "पुढच्या वर्षी माझा नंबर. सगळे तुमचं ऐकतात, तर आधीच सांगून ठेवा. अक्काला निरोपबिरोप नको. गुपचूप जाऊ दे."

"का गं?"

"परत यायची वेळ आली तर सोपं पडेल."

मामांनी "सांगतो" म्हटलं. सकाळपासून त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. आता अक्काच्या तोंडाकडे बघवेना, कारण हा रस्ता तिला त्यांनीच दाखवला होता.