दोन डॉक्टर आणि एक पोट

"हा चहा म्हणजे गरम पाण्याला नुसता रंग दाखवलाय," विहीणबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या आणि तरीही कप रिकामा केला.

आत हॉस्पिटलच्या खाटेवर माझी लेक पडली होती. पाचवा महिना, त्यात पित्ताशयात खडे. पोटात दुखायला लागलं तेव्हा "अशा दिवसांत पित्त व्हायचंच" असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. परवा कळ आली आणि ती पोट धरून जमिनीवरच बसली. आता पित्ताशय काढून टाकायचं की बाळंतपणापर्यंत दम धरायचा, हे आजच ठरवायला हवं होतं.

पण डॉक्टर दोन. सकाळी सर्जनबाई आल्या, त्यांना जावयांनी विचारलं, "भुलीचा बाळाला त्रास होईल का?"

"ते बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारा."

दुपारी ते आले, तर मी त्यांना विचारलं, "खडे तसेच राहिले तर?"

"ते सर्जनबाईंना विचारा."

प्रश्न चांगले होते, फक्त दारं चुकत होती. संध्याकाळपर्यंत आम्ही हेच केलं.

"आई, तुम्हीच सांगा ना," जावई मला म्हणाले.

"मी कोण? नवरा तुम्ही."

"माझ्याकडे बघू नका हं," विहीणबाई म्हणाल्या. "काही झालं की सासूचंच नाव निघतं."

शेवटी दोन्ही डॉक्टर एकदम खोलीत आले आणि आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. बाळाचे ठोके, बाळाचं वजन, बाळाची झोप. सर्जनबाई शांतपणे सांगत होत्या, की करायचंच तर हे महिने त्यातल्या त्यात बरे. पुन्हापुन्हा अशी कळ येऊ देण्यात धोका जास्त. मी मान डोलावत होते. कळलं अर्धंच. विहीणबाईंनी तर "बाळाला ऑपरेशनच्या दिव्याचा उजेड लागेल का" हेही विचारून घेतलं.

लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं बदलत "आता नीट दिसतंय का?" असं ती गिऱ्हाइकाला विचारते, त्याच आवाजात ती बोलली.

"बाळाचं सगळं कळलं ना आता? ऑपरेशन करा."

जावयांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"थांबा," ती म्हणाली. "मी मेले तर, हे अजून कुणीच विचारलेलं नाही."