मधलं नाव

तुलाराम सापडला, धडधाकट, न्याहारी करून बसलेला. पण ते झालंच नाही असं धरून चालू. कारण एकोणऐंशी सालच्या पौषात देवकाबाई शेतांमधल्या पांदणीतून नवऱ्याला शोधायला निघाली, तेव्हा तो बुडालेलाच होता. नाला वैनगंगेला मिळतो तिथे रेतीवर त्याच्या वहाणा सापडल्या होत्या आणि तीन दिवस तो घरी नव्हता. गावाने बेरीज केली आणि सुतकाची तयारी ठेवली.

सोबत कोतवाल सोमाजी होता. धुकं एवढं की लाखोळीच्या शेतातला बांध फक्त पायाला कळत होता. काठाशी पोचल्यावर तो म्हणाला,

"वयनी, नाव घेऊन आवाज द्या. असन तं ओ देईन."

"नाव कसं घेऊ, भाऊ?"

"मानूस बुडला, अन् तुमाले रीत सुचून राहिली?"

"ते बुडले म्हून रीतबी बुडवू का?"

एकोणीस वर्षांत तिने ते नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, बायकांनी दार अडवल्यावर. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"अजी, ओ अजी."

धुक्यातून तिघांनी ओ दिली. एक पाण्यातून डोंगा ओढत होता, एक रेतीवरच्या डांगरवाडीत वेलांना आळी करत होता, तिसरा नुसता खोकला. प्रत्येकाला आपलीच बायको आल्यासारखं वाटलं, आणि आनंद एकालाही झालेला दिसला नाही.

काठाकाठाने हाका मारत ते उतारापाशी आले आणि पलीकडचा काठ बघायला नदीत शिरले. पाणी हाडात घुसणारं थंड, पण गुडघ्याएवढंच. एवढ्यात माणूस बुडतो कसा, हे सोमाजीने विचारलं नाही. तो फक्त दोन पावलं मागे राहिला.

पलीकडच्या पांदणीत शिरताच पहिलं घर शकुनबाईचं. ओसरीवर, कोवळ्या उन्हात, तुलाराम सुपारी कातरत होता.

देवकाबाईच्या लुगड्यातून पाणी गळत होतं.

"सकायपासून आवाज देऊन राहिली मी. आयकू नाही आलं?"

"आलं ना. दहादा आलं. पन अजी म्हंजे कोनीबी. मले वाटलं, दुसऱ्या कोनाचा हरवला."

"अन् वहाना?"

"पान्यात कायले भिजवू?"

आतून शकुनबाईचा आवाज आला. तिला बाहेर कोण आलंय हे ठाऊक नव्हतं.

"तुलाराम, चहा थंडा होऊन राहिला."

देवकाबाईने मान किंचित तिरकी केली, शेजारच्या घरात काही फुटल्यावर करतात तशी. मग ती वळली. परतताना सोमाजी पुढे चालू लागला. बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते शकुनबाई बोलून बसली होती.

चावडीत पोलीस पाटील कृष्णराव हरवल्याची नोंद करायला दौत उघडून बसले होते.

"सापडले," देवकाबाई म्हणाली. "आता दुसरं लिवा."

"अर्जदाराचं नाव?"

"देवकाबाई तुलाराम भुरे."

ती कुठेही अडखळली नाही. सोमाजीने उगाच दाराबाहेर पाहिलं.

पुढचं ती सांगत गेली, आणि कृष्णराव मान खाली घालून ते सरकारी भाषेत बसवत गेले:

"अर्जदाराच्या नावात मध्यभागी जे नाव एकोणीस वर्षांपासून बसलेले आहे, ते अर्जदाराचे वापरात नाही. तरी सरकारने ते काढून घेऊन नदीपलीकडे जेथे रोजच्या वापरात आहे तेथे जमा करावे, आणि रिकाम्या झालेल्या जागी तूर्त काहीही लिहू नये, ही नम्र विनंती."