मागचं पायडल

विश्रांतीच्या दिवशी सगळी शाळा कपड्यांनी फुलली होती. वर्गांच्या खिडक्यांना मोजे, मैदानाच्या कुंपणाला चड्ड्या, घंटेच्या दोरीला कुणाचा तरी टॉवेल. दिव्यांग मुलांसाठी मदत गोळा करत निघालेली सायकलयात्रा या सुट्टी लागलेल्या शाळेत मुक्कामाला थांबली होती. कालपर्यंत वाऱ्याशी पैज लावणारी माणसं आज बाकांवर आडवी होऊन घोरत होती.

वहिनी तेवढी जागी होती. कोपऱ्यातल्या बाकावर बसून उजव्या गुडघ्याला चोरून मलम चोळत होती. चढावर त्यात जी कळ शिरली, ती न बोलावलेल्या पाहुण्यासारखी ठाण मांडून बसली होती. गुडघा टम्म फुगला होता.

तिची एकटीची गोष्ट असती, तर ती केव्हाच उतरली असती. पण जोडसायकलवर पुढे ती आणि मागे तिची थोरली नणंद. ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. पुढचं माणूस उतरलं की मागच्याची यात्राही संपली. आणि ताई तर वर्षभर घरात ठोकळ्यावर उभ्या केलेल्या सायकलवर पाय मारत होत्या. घरचे म्हणायचे, सायकल जागची हलत नाही, पण ताई रोज परगावी जाऊन येतात.

"वहिनी, मलमाचा वास दारापर्यंत येतोय गं," ताई भिंतीला हात लावत आत आल्या.

"मान आखडलीय जरा, ताई."

"तुझी मान बाकाखाली कधीपासून राहायला लागली?"

वहिनी हसली. तेवढ्यात बाहेरून पानाकाकांनी हाक मारली. यात्रेतल्या सगळ्या सायकली तेच दुरुस्त करायचे. खिशातला पाना झोपतानाही काढत नाहीत, म्हणून हे नाव.

"चेन घट्ट केलीय. मैदानात एक चक्कर मारून बघा दोघी."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. वहिनी पुढे बसली, ताई मागे. पहिल्याच वळणावर गुडघ्यात सुरी फिरली. तिनं ओठ दाबले.

"पाय सोड," मागून ताई म्हणाल्या.

"काय?"

"दाबू नकोस. नुसते ठेव पायडलवर, आपोआप फिरतील."

वहिनीनं पाय ढिले सोडले. सायकल थांबली नाही. अडखळलीसुद्धा नाही. पुढची-मागची पायडलं एकाच चेननं बांधलेली, एक फिरलं की दुसरं फिरणारच. झोपाळ्यावर बसलेल्या पोरीसारखे तिचे पाय वरखाली होत राहिले.

"तो चढ संपल्यापासून मीच रेटतेय," ताई म्हणाल्या. "तुझा उजवा पाय लंगडायला लागला, तो मला माझ्या पायाखाली कळला."

वहिनीला आठवलं, चढानंतर रस्ता कसा अलगद सरकत होता. वाऱ्याची कृपा म्हणून तिनं मनातल्या मनात कितीदा हात जोडले होते. तो वारा मागच्या सीटवर बसला होता. लग्न होऊन घरात आली, त्या रात्री दिवे गेले होते. तेव्हाही याच बाईनं हात धरला होता, "चल, अंधारात माझं राज्य," म्हणत.

"बोलला का नाहीत, ताई?"

"तू बोललीस? मला वाटलं, रुसलीस माझ्यावर." आणि ताईंनी हळूच सूर लावला:

"पुढे बसली भावजय, मुकी झाली गं वाटेला,
मागे बसली नणंद, कान लावून पाठीला."

खरंच, पहिल्या दिवशी वहिनी किती सांगत होती. झाडं, पाट्या, दारात ताटकळलेली म्हातारी, पुलाखालचं पाणी. कळ सुरू झाली आणि तिनं दात आवळले. आवळलेल्या दातांतून रस्ता बाहेर येईना.

"नुसती हवा लागत होती गं तोंडाला," ताई म्हणाल्या. "गाव आलं काय, गेलं काय. पाय माझे दोघींना पुरतील. संध्याकाळी यात्रेतल्या डॉक्टरीणबाईंना गुडघा दाखव. त्या उतर म्हणाल्या तर दोघी उतरू, हसत उतरू. जाऊ दे म्हणाल्या तर तू नुसतं हँडल धर. पण वाटेत दिसेल ते सांगायची टाळाटाळ करायची नाही."

वहिनीनं पदरासारखी बाही डोळ्यांना लावली. गळा साफ केला.

"समोर कुंपण आहे, ताई. त्यावर चड्ड्या वाळतायत."

"किती मोठ्या?"

"एकीत वारा शिरलाय. शिडासारखी फुगलीय. बहुतेक पानाकाकांची."

"ऐकू येतंय मला," मैदानाच्या कडेनं पानाकाका म्हणाले. "चेन कशीय, ते सांगा."

"अजून एक चक्कर मारून सांगते," म्हणत ताईंनी पायडल दाबलं. आणि वहिनी सांगत राहिली, घंटेवरचा टॉवेल, झाडाखाली घोरणारा माणूस, त्याच्या पोटावर निवांत बसलेलं मांजर.