उशिरा पडलेला पडदा

"जोडीनं घ्यायचं तर घ्या, पंढरीशेठ. नाहीतर आम्ही निघालो," मी म्हटलं आणि पिशवी उचललीसुद्धा.

सत्याऐंशी साल. डोंबिवलीत पंढरीशेठच्या नाटक कंपनीच्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो. दौऱ्यासाठी त्यांना नायिका हवी होती, तिचा नवरा नको होता. आमचे हे, उत्तमराव, एकेकाळी नायकाची कामं करायचे. आता घसा बसला होता, आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नव्हता.

"मालनबाई, यांना काय देऊ? पडद्याचा दोर?" शेठ गमतीनं बोलले.

"द्या की," हे म्हणाले. "हिच्याबरोबर फिरायला मिळतंय ना? झालं तर."

मला असा संताप आला! माझं माहेर कोलशेतचं, खाडीकाठचं. तोंड पहिल्यापासून फटकळ. स्टेशन येईपर्यंत यांना बोलत राहिले. हे आपले हसतायत.

त्या नाटकात पहिल्या अंकात मी नवी नवरी, शेवटच्या अंकात विधवा. मंगळसूत्र माझंच, खरं. मध्यंतरात ते काढून विंगेत यांच्या हातात द्यायचं. खाली ठेवायचं नाही, खिळ्याला टांगायचं नाही, हा यांचा हट्ट. "तू पांढऱ्यात आहेस तोवर ते माझ्याकडे." पण दोराला दोन्ही हात लागायचे. मग हे सरळ स्वतःच्या गळ्यात घालायचे. सगळी कंपनी चिडवायची, "उत्तमराव, कुंकू पण लावा की!"

आणखी एक खोड. शेवटी मी मेलेल्या नवऱ्याच्या फोटोसमोर रडत बसते, तिथं पडदा. हे तो मुद्दाम जरा उशिरा पाडायचे, मला टाळ्या जास्त मिळाव्यात म्हणून.

काही वर्षं अशी मजेत गेली. मग ठाण्यातल्या एका दुपारच्या प्रयोगाला पडदा पडेचना. टाळ्या वाजतायत, थांबतायत, पुन्हा वाजतायत. मनात म्हटलं, आज स्वारी भलतीच खूश दिसतेय माझ्यावर. मग मीही जोर केला. फोटोला कवटाळलं, कपाळ बडवलं. बायका हुंदके द्यायला लागल्या. शेवटी माझंच रडू संपलं, तशी पुटपुटले, "अहो, पुरे आता. पाडा ना!"

पडदा दुसऱ्याच कुणीतरी पाडला. मी तणतणत विंगेत गेले. हे भिंतीला टेकून बसले होते, गळ्यात माझं मंगळसूत्र. दोर अजून हातात होता.

ते यांच्या गळ्यातून मीच काढलं. अंगावरचं पांढरं लुगडं नाटकाचं होतं. त्यातच घरी आले.

पुढं घरात बसवेना. कानात त्या टाळ्या वाजत राहायच्या. मी कपाळ बडवत होते तेव्हा हे होते की गेलेले, हाच भुंगा डोक्याला. शेवटी पुन्हा डोंबिवली गाठली.

शेठनी मान खाली घातली. "मालनबाई, पहिल्या अंकात नवरी. हिरवा चुडा, मंगळसूत्र... लोक बोलतील हो."

"बोलू देत. मला दुसरं येतंय काय? काम द्या, शेठ. हात जोडते."

"बरं," ते कसेबसे म्हणाले. "शेवट मात्र त्या दिवशीसारखा लांबवायचा का? पब्लिक अजून विचारतं."

"नाही. पडदा वेळेवर पाडायचा. माझी एवढीच अट."

पहिला प्रयोग ठाण्यातच लागला. मध्यंतरात सवयीनं मंगळसूत्र काढलं आणि विंगेत हात पुढं केला. दोरावर आनंद नावाचा नवा माणूस होता. तो गोंधळला.

"कुठं ठेवू, ताई?"

"ठेवू नकोस," म्हटलं. मग लक्षात आलं, याला दोन्ही हात लागणार. परत घेतलं आणि पांढऱ्या लुगड्याच्या कनवटीला खोचलं.

शेवटी फोटोसमोर रडायला बसले. टाळ्यांचा पहिला कडकडाट झाला आणि पडदा पडला. अगदी वेळेवर. इतका वेळेवर यांनी कधी पाडलाच नव्हता.

"ताई, उठा. पडदा पडला," आनंद म्हणाला.

"दिसतंय मला. थांब जरा."

मग उठले, तोंड धुतलं, मंगळसूत्र डबीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी कल्याणला प्रयोग होता. पहिल्या अंकात घालायचं होतं.