अटीसकट

"नंबर होता तोच आहे, भावजी," त्याच्या नाकावरची तपासणीची चौकट उतरवत ती म्हणाली. "खरं काय काम काढलंत?"

नवऱ्याच्या मित्राने उगाच डोळे चोळले. नवरा गेल्यापासून तो फिरकला नव्हता, आणि आज चष्म्याचं निमित्त करून दुकानात हजर! कुठेतरी पाणी मुरत होतं.

"वहिनी, मास्तरच्या कंपायलरबद्दल बोलायचं होतं."

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवतो तो कंपायलर, एवढं तिला नवऱ्याने, म्हणजे मित्रांच्या मास्तरने, समजावलं होतं. त्याने चौघांबरोबर लिहिलेला हा कंपायलर सगळ्यांना फुकट होता. अट एकच, सुधारून पुढे द्याल तर सुधारणाही उघडी ठेवा. आता ती अट काढायची होती. त्यासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाचा होकार हवा, आणि नवऱ्याचा हक्क आता तिच्याकडे होता.

"अट काढली की काय होईल?"

"कुणीही घ्यावं, काहीही करावं. अटीच्या धास्तीने कंपन्या हात लावत नाहीत, वहिनी. कुणी वापरलंच नाही, तर त्या अटीचं काय लोणचं घालायचंय?"

"आणि एखाद्याने सुधारून कुलूप लावलं तर?"

"लावेल. पण आपलं आहे ते कुठे जातंय?"

पटण्यासारखं होतं, म्हणूनच तिला जास्त खटकलं.

"हे तुम्ही बोलताय, की तुमची नवी कंपनी?"

तो फ्रेमच्या कपाटाकडे पाहू लागला. "कंपनीची चिप येतेय, तिच्यासाठी कंपायलरमध्ये केलेले बदल त्यांना उघडे करायचे नाहीत," शेवटी म्हणाला. "पण मी म्हणतो ते खोटं नाही."

"नसेल. हे असते तर त्यांच्याशी तावातावाने भांडला असतात. माझ्यापुढे मुकाट्याने डोळे तपासून घेताय! माझा होकार नाही."

"मग मास्तरचा भाग काढून नव्याने लिहावा लागेल. त्याचं नाव जाईल."

हे तिने धरलं नव्हतं. ती काच पुसत राहिली.

"तुम्ही लिहिणार?"

"मी लिहून चालत नाही. त्याचं वाचलेल्याने लिहिलं तर नक्कल केली म्हणतील. कधीच न वाचलेला माणूस लागतो."

"मग शोधा की."

"शोधतोय." त्याने स्वतःचा चष्मा चढवला. "या कामातला जो तो मास्तरचंच वाचून शिकलाय, वहिनी."

तो गेला. बाहेर बाकावर बसलेल्या बाईंना तिने आत बोलावलं. पहिली काच चौकटीत बसेना. तिने ती काढली, पुसली, पुन्हा बसवली आणि म्हणाली, "हं, वाचा."