डोक्याकडची खिडकी

मार्चमध्ये तालुक्याच्या बैठकीत आम्रपालीचा सत्कार झाला. त्याचा फोटो आशा सेविकांच्या ग्रुपवर आला आणि सगुणाने तो दिवसभरात चार वेळा उघडून पाहिला. शाल, नारळ, हातात प्रशस्तिपत्र. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, तरी बाई हसतेय हे कळत होतं.

सगुणा अकरा वर्षं आशा होती, आम्रपाली दोन. रत्नागिरीजवळच्या पाली गावाच्या आत, डोंगराकडच्या कुणबीवाडीतली बाळंतपणं, लसी, सर्पदंश सगळं सगुणाने पाहिलं होतं. आम्रपालीकडे ओढ्यापलीकडची बौद्धवाडी. पण मे उजाडला, कोरोनाची दुसरी लाट वाडीत शिरली, आणि सगुणाच्याच वाडीतली माणसं ओढ्यापलीकडे फोन करू लागली.

कारण साधं होतं. आम्रपाली घरात जायची. अंगात पावसाळी रेनकोट, तोंडावर दोन मास्क, आणि थेट खाटेपाशी. सगुणाच्या सासूला दमा होता, म्हणून ती बाहेरूनच विचारपूस करायची. "भर उन्हाळ्यात रेनकोट! शिजेल एक दिवस," असं ती म्हणायची खरी, पण त्यावर कुणी हसत नसे. ज्या वाडीत आम्रपालीच्या आजीला अंगणाच्या कडेला उभं राहावं लागे, तिथे आता नातीला माजघरात बोलवत होते. आणि त्याच वाडीची सून असलेली सगुणा बाहेर उभी होती. हे तिला फार लागायचं. का लागतं, याचा विचार मात्र ती करत नसे.

त्या दिवशी सकाळी ती भागोजीआजोबांकडे गेली. चार दिवस ताप होता. मुलगा मुंबईत अडकलेला, घरात फक्त सून राही. आजोबांच्या खाटेच्या डोक्याकडे खिडकी होती. सगुणाने गजांतून ऑक्सिमीटर आत दिला. राहीने तो सासऱ्यांच्या बोटाला लावला आणि हात अंगालगत ठेवला. सगुणाने खिडकीतून वाकून आकडा वाचला आणि वहीत लिहिलं, अठ्ठ्याण्णव.

"झ्याक हाय गो. गोळी दे नि पेज पाज."

"पण काकी, ते कायतरी बडबडतात. मेलेल्या बैलाला हाका मारतात."

"तापात बडबडतात माणसं."

दुपारी तिचा फोन वाजला. आम्रपाली होती.

"सगुणाताई, मी भागोजीआजोबांकडे आलेय. शहाऐंशी दाखवतंय. मी गाडीला फोन केलाय."

सगुणा जेवत होती. ताट तसंच सारून ती निघाली. वाटभर एकच विचार. माझ्या वाडीत, माझ्या पेशंटला, मला न विचारता गाडी! उद्या ग्रुपवर हाच फोटो, आणि खाली लिहिलेलं असेल, 'वेळीच ओळखले.'

"तुला कोणी बोलावलं?" अंगणातूनच तिने विचारलं.

"मी बोलावलं, काकी," राही दारातून म्हणाली.

"सकाळी अठ्ठ्याण्णव होते. वहीत लिहिलेत मी."

"मग तुमचंच मशीन लावू या," आम्रपाली शांतपणे म्हणाली. तो शांतपणाच सगुणाला सहन होईना.

ती सवयीने खिडकीशी गेली आणि मशीन आत दिलं. आम्रपालीने ते लावलं आणि खाटेच्या पायाकडे उभी राहिली. लाल आकडे स्थिरावले. सगुणाचा चेहरा उजळला.

"बघ! अठ्ठ्याण्णव."

"शहाऐंशी," आम्रपाली म्हणाली.

"डोळे तपासून घे, बाय."

"ताई, समोर शहाऐंशी लिहिलंय."

दोघी एकाच मशीनकडे पाहत होत्या. राही एकदा खिडकीकडे, एकदा पायाकडे बघत होती. सगुणा पुन्हा वाकली आणि या वेळी तिला आकड्याशेजारची ती ठोक्यांची रेघ दिसली. ती रोज खालून वर चढायची. आत्ता वरून खाली उतरत होती.

इंग्रजी सहा उलटा केला की नऊ होतो. आठ आठच राहतो. डावीकडचं उजवीकडे जातं. शहाऐंशी उलटे धरले की अठ्ठ्याण्णव.

"तुमचं मशीन बिघडलं असेल," आम्रपाली म्हणाली. "होतं असं."

सुटायला दार उघडं होतं. मशीन बिघडलं म्हणायचं की संपलं. पण सगुणाला वही आठवली. आणखी पाच घरी तिने अठ्ठ्याण्णव लिहिलं होतं. कुठे कुठून वाकून पाहिलं, काही आठवेना.

"मशीन बरं आहे," ती म्हणाली. "मी डोक्याकडून वाचलं. उलटं." तिने वही उघडली. "पाच घरं आहेत अजून. एकटीला अंधार पडेल. येतेस?"

आम्रपालीने मान डोलावली. हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं सगुणाला वाटून गेलं.

गाडी आली. राही आजोबांना घेऊन रत्नागिरीला गेली. त्या दोघी घरोघर फिरल्या. लाट आल्यापासून सगुणा पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत जात होती, आणि प्रत्येक घरात आवाज तोच, "या आम्रपालीताई!" पाचही घरचे आकडे चांगले निघाले. म्हणजे आपण गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, हे तिच्या मनात आलंच.

शेवटच्या घरून उतरताना राहीचा फोन आला. अर्थात आम्रपालीला. आम्रपालीने न सांगता स्पीकर लावला.

"बेड मिळाला. ऑक्सिजन लावलाय. आता अठ्ठ्याण्णव आलेत. ताई, तुम्ही होतात म्हणून..."

कोणती ताई, हे सगुणाला कुणी सांगायला नको होतं. राही तिला काकी म्हणायची. तिने वहीतला सकाळचा आकडा खोडला, वर शहाऐंशी लिहिलं आणि पुढे सही केली. मग फोनकडे वाकून म्हणाली,

"राही, अठ्ठ्याण्णव कुठून बघितलेस? डोक्याकडून की पायाकडून?"