यादीतला कंदीलवाला

डेक साठ कार्डांचा. सहा वर्षांपूर्वी तो जुळवला तेव्हा तीस कार्डं ताईने निवडली होती आणि तीस तिच्या धाकट्या भावाने. आई म्हणायची, "एवढी घोडी झालात, पत्ते कुटून कुणाचं भलं झालंय?" पण दर रविवारी दोघं कार्डांच्या दुकानातल्या स्पर्धेला हजर. ताई खेळायची आणि भाऊ मागच्या खुर्चीत पाण्याची बाटली धरून बसायचा.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झालेला तिला खपत नाही. भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतो. एका अक्षराला अर्धा दिवस लावेल, पण असं काढेल की बघत राहावं. म्हणून तर स्पर्धेआधी पंचांना द्यायची डेकची यादी तोच लिहायचा. ताईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

आता या खेळाची एक खोड आहे. दरवर्षी नवी कार्डं येतात, जुनी बाद होतात, आणि कोणती चालणार ते फॉरमॅट ठरवतो. पहिल्या फॉरमॅटला भिंती उभारून दम धरणारे डेक जिंकायचे, तेव्हा भावाच्या कार्डांची चंगळ होती. पुढच्या वर्षी भिंती बाद झाल्या आणि घाईचे दिवस आले. भावाच्या तिसाची अकरा झाली, मग चार. दर वेळी ताई विचारायची, "हे काढू का रे?" तो म्हणायचा, "काढ की. डेक जिंकला पाहिजे." एवढं बोलून तो नळावर जाऊन धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवत बसायचा.

शेवटी त्याचा एकच उरला, कंदीलवाला. हा गडी टेबलावर मांडला की तीन पाळ्या नुसता बसून राहतो आणि चौथ्या पाळीला डावात बाद झालेली आपली कार्डं परत आणतो. यंदाच्या फॉरमॅटला तिसऱ्या पाळीतच डाव आटपत होते. चौथीपर्यंत थांबायला वेळ कुणाला! आणि स्पर्धा वर्षातली सगळ्यात मोठी. सहा वर्षं दोघं तिच्याकडे डोळे लावून बसलेली.

स्पर्धेच्या सकाळी भाऊ आंघोळीला गेला आणि ताईने कंदीलवाला काढून तिथे एक झटपट कार्ड घातलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तो "काढ की" म्हणाला असता, आणि ते ब्रश धुणं या वेळी तिला बघवलं नसतं. जिंकून आल्यावर सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. आणि यादी? यादी भावाने आदल्या दिवशीच लिहून, ताईची सही घेऊन फाइलीत ठेवली होती. एवढी काटेकोर बाई, पण हीच गोष्ट तिच्या डोक्यातून साफ गेली.

बसमध्ये भाऊ म्हणाला, "ताई, ऐक ना, ते कार्ड..."

"आता कार्डांचं एक अक्षर काढू नकोस. डोकं शांत राहू दे माझं."

तो बिचारा खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत बसला.

ताई एकामागून एक सामने जिंकत अंतिम सामन्यापर्यंत पोचली. त्याआधी पंचबाई दोन्ही डेक सकाळी आलेल्या यादीशी ताडून बघायला बसल्या. बोट एका ओळीवर थांबलं. "कंदीलवाला, एक. कुठाय तो?"

ताईला फाइलीतली यादी आता आठवली.

मागची खुर्ची सरकली. भाऊ हसत हसत पुढे आला आणि शर्टाच्या खिशातून त्याने कार्ड काढलं. "हा घ्या. सकाळी टेबलावरच राहिला होता. मी बसमध्ये सांगत होतो, तर ही बोलू देईना."

पंचबाईंनी कार्ड घेतलं नाही. त्यांनी डेक पुन्हा मोजला. "पण इथे साठ पूर्ण आहेत."

कार्ड चुकून घरी राहिलं असतं तर एकोणसाठच भरली असती. एवढं गणित त्यालाही येत होतं. त्याने ताईकडे पाहिलं, मग हातातल्या कार्डाकडे. ताईला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"माझी चूक आहे," तो पंचबाईंना म्हणाला. "हिने बदल केला होता. मी सवयीने जुनंच लिहिलं."

नियम म्हणजे नियम. झटपट कार्ड काढून यादीप्रमाणे कंदीलवाला डेकमध्ये घालायचा आणि तीन डावांतला पहिला गेला असं धरायचं. दुसरा डाव ताईने जिंकला. तिसऱ्यात कंदीलवाला पहिल्याच हातात आला. तिने मांडला, तो बसून राहिला आणि तिसऱ्या पाळीत ती हरली. तिचं गणित अगदी चोख होतं. आग लागो त्या गणिताला.

बसथांब्यावर भाऊ बाटली घेऊन उभा होता.

"मी तुला सांगणार होते रे," ताई म्हणाली.

"कधी?"

तिने पर्समधले सुट्टे पैसे मोजायला घेतले. बस दिसू लागली तेव्हा तोच म्हणाला, "सकाळी सांगायचंस गं. मी दुसरी यादी लिहून दिली असती."

त्या दिवशी घरी आल्यावर तो नळाकडे गेला नाही. ब्रश कोरडेच राहिले. पुढच्या रविवारी ताई एकटी गेली आणि यादी तिने स्वतः लिहिली. पंचबाईंनी ती दोनदा परत केली, वाचता येत नाही म्हणून.